जवाल : एका शब्दाची उतरण

मशिदीत नमाजांच्या वेळांचा तक्ता असतो. फजर, जोहर, असर, मगरिब, इशा यांच्यासोबत त्यात पुष्कळदा 'जवाल'चाही रकाना असतो. जळगावात ही वेळ वर्षभर साधारण दुपारी 12.10 ते 12.45 च्या दरम्यान सरकत राहते. धुळे पश्चिमेला असल्याने तिथे ती सुमारे तीन मिनिटे उशिरा येते.

मूळ अरबी शब्दाचा अर्थ जागेवरून ढळणे, सरणे. सूर्य डोक्यावर असतो त्या क्षणी नमाज वर्ज्य. तो पश्चिमेकडे ढळला, म्हणजे जवाल झाला, की जोहरची वेळ सुरू होते. आपल्या बोलण्यात मात्र वर्ज्य क्षणालाच जवाल म्हणण्याची सवय पडली आहे. "जवालची वेळ आहे, थांबा," असे आपण सहज म्हणतो. जिथून वेळ सुरू होते त्या शब्दाला आपण मनाईचा शब्द करून टाकले.

साहित्यातही हेच घडले. 1857 नंतरच्या पडझडीत मौलाना अल्ताफ हुसेन हाली यांनी 1879 साली 'मुसद्दस' लिहिली. इस्लामची भरती-ओहोटी हाच तिचा विषय. पण निराशेवर शेवट करणे हालींनाच पटले नाही. 1886 साली त्यांनी तिला आशेचा सूर असलेली पुरवणी जोडली. आपल्या भाषणांतून आणि कवितांतून पहिली 'मुसद्दस' उतरली, पुरवणी मागे राहिली. बगदाद, ग्रॅनाडा, दिल्ली अशी नावे घेऊन उसासा टाकला की विषय संपला, असे आपल्याला वाटते.

या यादीत खान्देशही बसवता येईल. शिरपूर तालुक्यात थाळनेरला फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत. 1601 साली अकबराने असीरगड घेतला आणि ती राजवट संपली. पण तो जवाल सुलतानांचा. मागावर बसणाऱ्याचा माग असीरगडाबरोबर पडला नाही. त्याचे दुःख अलीकडचे आहे. जळगावची खान्देश मिल बंद पडली, अमळनेरची प्रताप मिल बंद पडली. धुळ्याच्या यंत्रमागवाल्याला सुताचा भाव आणि वीजबिल यांचा हिशेब जुळवावा लागतो. तो "कौमचा जवाल झाला" असे म्हणत नाही. "धंदा बसला" म्हणतो. आपला कथाकार त्याच्या तोंडी पहिले वाक्य घालतो तेव्हा कारागिराच्या डोक्यावर सुलतानाचा शोक ठेवतो. पात्र तिथेच खोटे पडते. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालातही गेलेल्या तख्ताचा विचार नाही. शिक्षण, नोकरी आणि कर्ज यांतल्या मागासलेपणाची आकडेवारी आहे.

1990 साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपण आपल्या मातीतले जगणे मराठीत मांडण्याची भाषा करतो आहोत. मग दुःखाचे शब्दही त्या मातीतले नकोत का?

'जवाल' टाकून द्यावा, असे माझे म्हणणे नाही. तो आपल्या रोजच्या इबादतीतला शब्द आहे. मात्र लिहिताना विचारावे : कोणाचा जवाल, कुठला, केव्हाचा? जळगाव आणि धुळ्याचा जवालसुद्धा एकाच मिनिटाला होत नाही. आणि मराठीत जे 'बसले' त्याला 'उठणे' असते, तसे जवालनंतर जोहर असते, एवढेही लेखकाने ध्यानात ठेवले तरी पुरे.