झोपेहून बरी

फजरच्या, म्हणजे पहाटेच्या अजानमध्ये सुन्नी परंपरेत एक जास्तीची ओळ असते. ती दोनदा म्हणतात. उरलेल्या चार अजानांत ती नसते. मराठीत तिचा अर्थ बऱ्याचदा ‘नमाज झोपेपेक्षा श्रेष्ठ आहे’ असा सांगतात. अर्थ चुकत नाही, पण ओळीचा सूर हरवतो.

मूळ शब्द आहे ‘खैर’. ‘आता तुझी खैर नाही’ म्हणताना आपणही तोच वापरतो. खैर म्हणजे भलं, बरं. ‘श्रेष्ठ’ म्हटलं की झोप हलकी ठरते. ‘बरी’ म्हटलं की झोपेचं सुखही मान्य होतं, आणि त्याहून बरं काही सुचवलं जातं.

फजर फर्ज आहे, ऐच्छिक नाही. फर्ज रकात दोनच, पण मुदत कडक: पहाट फुटल्यापासून सूर्य उगवेपर्यंत. तरीही या ओळीत धाक नाही, नरकाचं नावही नाही. मोबाईलमधलं अ‍ॅप वेळ मिनिटावर सांगतं. अंथरूण सोडायचं की नाही, हे मात्र ज्याचं त्याला ठरवावं लागतं. त्या अर्ध्या झोपेतल्या माणसाला ‘श्रेष्ठ’ हा शब्द उपदेशासारखा लागतो. म्हणून अनुवादात मी तरी ‘बरी’च लिहीन.