रानपिंगळा वाढला की आपली माहिती?

प्रबंधाच्या पहिल्याच पानावर आपण लिहून टाकतो, ‘आययूसीएनच्या रेड लिस्टनुसार ही प्रजाती संकटग्रस्त आहे.’ आणि पुढे जातो. गडबड तिथेच होते.

रानपिंगळ्याचं उदाहरण घ्या. १८८४ नंतर हा पक्षी थेट १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला. २०१८ मध्ये तो ‘अतिसंकटग्रस्त’मधून ‘संकटग्रस्त’मध्ये आला. म्हणजे पक्षी वाढले? नाही. शोध वाढला, तानसासारख्या नव्या ठिकाणी तो दिसला आणि संख्येचा अंदाज बदलला. संख्या घटत असताना प्रौढ पक्षी २५० पेक्षा कमी असतील तर वरचा वर्ग, २५०० पेक्षा कमी असतील तर त्याखालचा. अंदाज ही रेषा ओलांडतो, तेव्हा जंगलात काहीच सुधारलेलं नसतं.

निकष चुकीचे नाहीत. बदल खरा आहे की नव्या माहितीमुळे झालाय, याची नोंदही यादी ठेवते. पण ती नोंद आत दडलेली आणि शिक्का दर्शनी! निधी देणारा शिक्काच वाचतो, आणि ‘आता धोका कमी झालाय ना?’ असं विचारतो.

म्हणून वर्ग लिहिण्याआधी तीन गोष्टी बघा: कोणता निकष लागला, मूल्यांकन कोणत्या वर्षीचं आहे आणि वर्ग का बदलला. मगच ते वाक्य लिहा.