मानसशास्त्राचीं नियतकालिकें व मराठी वाचक

एखाद्या शास्त्राची योग्यता त्याच्या ग्रंथांवरून ठरते, पण त्याची प्रकृति कळते ती त्याच्या नियतकालिकांवरून. ग्रंथांत विचार स्थिरावलेला असतो. नियतकालिकांत त्याचा वादविवाद अजून चालू असतो. कोण कोणाचें म्हणणें खोडून काढतो, कोणता प्रश्न विचारण्यासारखा मानला जातो आणि कोणता उंबरठ्याबाहेर ठेवला जातो, हें सर्व तेथें उघड दिसतें. म्हणून विद्यापीठांतील मानसशास्त्राचे अध्यापक जीं नियतकालिकें व ज्या ग्रंथमाला संपादितात, त्यांचें परीक्षण हें केवळ त्या क्षेत्रांतील मंडळींचें काम नव्हे. ज्यांच्या मनाविषयीं तेथें लिहिलें जातें, त्यांनाहि त्यांत बोलण्याचा अधिकार आहे; आणि धाराशिव जिल्ह्यांतील वाचकाला तर तो इतरांहून अधिक आहे. तो कां, हें पुढें येईलच.

प्रथम या वाङ्मयाची कुळकथा पाहूं. लाइप्झिग येथें वुंट यानें १८७९ सालीं प्रयोगशाळा काढली, आणि थोड्याच वर्षांत तेथील प्रयोगांसाठीं स्वतंत्र नियतकालिक सुरू केलें. शास्त्र नवें असूनहि त्याचें नांव मात्र ‘तत्त्वज्ञानविषयक अभ्यास’ अशा अर्थाचें होतें. १८८७ सालीं स्टॅन्ली हॉल यानें अमेरिकेंत, व त्यानंतर बिने आणि त्याचे सहकारी यांनीं फ्रान्समध्यें तोच मार्ग धरला. जर्मनानें जर्मनमध्यें लिहिलें, फ्रेंचानें फ्रेंचमध्यें लिहिलें, आणि तरीहि ते एकमेकांचें वाचीत राहिले. स्वभाषेंत लिहिल्यानें शास्त्र संकुचित होतें, असें त्यांपैकीं कोणालाच वाटलें नाहीं.

आपल्याकडे कलकत्ता विद्यापीठांत १९१६ च्या सुमारास या विषयाचा विभाग निघाला. १९२४ सालीं इंडियन सायकॉलॉजिकल असोसिएशन स्थापन झाली, आणि लवकरच नरेंद्रनाथ सेनगुप्त यांच्या संपादकत्वाखालीं ‘इंडियन जर्नल ऑफ सायकॉलॉजी’ निघूं लागलें. त्या मंडळींच्या उत्साहाविषयीं आदरच वाटतो. परंतु तें इंग्रजींत निघालें, आणि तोच रिवाज पडला. पुढें म्हैसूरहून निघालेलें ‘सायकॉलॉजिकल स्टडीज’ काय, १९८९ सालीं अलाहाबादचे प्रा. दुर्गानंद सिन्हा यांनीं सुरू केलेलें ‘सायकॉलॉजी अँड डेव्हलपिंग सोसायटीज’ काय, दोहोंचीहि भाषा तीच. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेनें या विषयांतील संशोधनाचा आढावा घेणारी ग्रंथमाला चालविली, एस्. के. मित्र, उदय पारीक, जनक पांडे, गिरीश्वर मिश्र असे तिला क्रमानें संपादक लाभले. विखुरलेलें काम एकत्र करून त्याचा हिशेब मांडणें ही लहान सेवा नव्हे. पाश्चात्त्यांचे सिद्धान्त येथील माणसाला जसेच्या तसे चिकटवूं नयेत, असा सिन्हांचा आग्रह होता, आणि तो योग्यच होता. पण हा आग्रहसुद्धां ज्या भाषेंत मांडला गेला, ती त्या माणसाची भाषा नव्हती. या सर्व प्रपंचांतील मुख्य उणीव आम्हांस हीच दिसते.

ही उणीव केवळ अभिमानाची नाहीं, हें एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. १५ जानेवारी १९३४ रोजीं बिहारांत प्रचंड भूकंप झाला. त्यानंतर उठलेल्या अफवा पाटण्याच्या जमुना प्रसाद यांनीं गोळा केल्या आणि त्यांवरील निबंध १९३५ सालीं ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकॉलॉजी’मध्यें प्रसिद्ध केला. त्यांत एक विलक्षण गोष्ट होती. ज्या भागांत धक्का जाणवला, पण नुकसान झालें नाहीं, तेथेंच याहूनहि भयंकर अरिष्ट येणार असल्याच्या वार्ता पसरल्या होत्या. दार्जिलिंगकडे दरडी कोसळल्या तेव्हां प्रत्यक्ष विनाश पाहिलेल्या लोकांचा अभ्यास सिन्हांनीं केला. तेथें अशा अतिरंजित वार्ता आढळल्या नाहींत. या दोन निबंधांतील विरोधावर अमेरिकेंतील लिऑन फेस्टिंगर यानें बोट ठेवलें. मनांत भीति आहे, पण तिला साजेसें कारण समोर नाहीं, अशा स्थितींत मन तें कारण निर्माण करतें, असा अर्थ त्यानें लाविला. आणि त्याच्या १९५७ सालच्या विख्यात ग्रंथांतील विचाराला या सामग्रीची मोठी मदत झाली. म्हणजे भीति बिहारची, सामग्री पाटण्याची, छपाई इंग्लंडची आणि सिद्धान्त अमेरिकेचा! यांत कोणी कोणास लुबाडलें असें आम्ही म्हणत नाहीं. ज्ञानाचा प्रवास असाच होतो. पण ज्या माणसांच्या बोलण्यांतून हें ज्ञान निघालें, त्यांच्या भाषेंत तें परत फिरलें नाहीं, ही रुखरुख राहतेच.

आतां धाराशिवकडे वळूं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हांचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत धरणी हादरली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासचीं गांवें जमीनदोस्त झालीं. गणेशविसर्जन आटोपून लोक नुकतेच निजले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचें मातीचें माळवद त्यांच्या अंगावर आलें. आठ हजारांच्या आसपास माणसें दगावलीं. या भूकंपांतून वांचलेल्यांच्या मनःस्थितीची एक पाहणी १९९६ सालीं अमेरिकेंतील मनोविकारशास्त्राच्या एका प्रमुख नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. पाहिलेल्या लोकांपैकीं निम्म्याहून अधिक जणांत निदान करण्याजोगा मनोविकार तिला आढळला. अशी पाहणी त्वरेनें झाली, हें चांगलेंच झालें. परंतु ज्या कोष्टकांत ते विकार बसविले, तीं कोष्टकें अमेरिकन वैद्यांनीं ठरविलेलीं. येथील माणूस आपल्या दुखण्याला काय म्हणतो, हा प्रश्न अशा निबंधाच्या कक्षेंतच येत नाहीं.

आणि तो प्रश्न तर मोलाचा आहे. मराठवाड्यांतील माणूस म्हणेल, ‘भूकंपाचा धसका घेतला.’ परिभाषेंत यालाच ‘आघातोत्तर तणाव विकृति’ म्हणतात. हे दोन शब्द एकच आहेत काय? धसका हा घ्यावा लागतो. त्यांत घेणाऱ्याचाहि कांहीं भाग आहे. हाय खाणें, घोर लागणें, खचणें, मन उडणें हे सर्व प्रयोग दुःखाच्या निरनिराळ्या जातींचे आहेत, आणि बोलणारा त्यांत गल्लत करीत नाहीं. माळवदाखालीं निजण्याची धास्ती आणि उजाड झालेल्या घराकडे पाहून मन उडणें या दोन गोष्टी एका आंकड्यांत मिळविल्या, तर बेरीज बरोबर येईल, पण माणूस निसटेल. शब्दांची ही पारख मराठींत चालणारें नियतकालिकच करूं शकेल. कारण त्याच्या वाचकालाच ‘असें आमच्याकडे कोणी म्हणत नाहीं’ असें संपादकाला सुनावतां येतें.

यावर आक्षेप येतो कीं, मराठीला या विषयाचें सामर्थ्य नाहीं. हा आक्षेप वस्तुस्थितीपुढें टिकत नाहीं. १९७६ पासून निघालेल्या मराठी विश्वकोशांत व. वि. अकोलकर यांच्यासारख्या अभ्यासकांनीं मानसशास्त्रावर नेमक्या व स्वच्छ मराठींत नोंदी लिहिल्या आहेत. भाषा संचालनालयानें परिभाषाहि पुरविली आहे. उलट, नुसते कोश व भाषांतरें पुरीं पडत नाहींत, याचा दाखला धाराशिवच्याच इतिहासांत आहे. हा जिल्हा निजामी राज्यांत असतां, १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठानें उर्दूंतून उच्च शिक्षण देण्याचें धाडस केलें आणि त्यासाठीं भाषांतराचें स्वतंत्र खातें चालविलें. ती भाषा येथील बहुसंख्य प्रजेची नव्हती, हा दोष मोठाच. पण देशी भाषेंत सर्व शास्त्रें शिकवितां येतात, हें तेथें सिद्ध झालें. पुढें १९४८ नंतर राज्य गेलें आणि विद्यापीठाचें माध्यमहि इंग्रजी झालें. राजाश्रयावर उभी राहिलेली विद्या आश्रय सुटतांच ओसरते. टिकते ती विद्या, जिच्याभोंवतीं भांडणारे वाचक जमलेले असतात.

दुसरा आक्षेप असा कीं, नियतकालिकांची वाण कोठें आहे? वाण नाहीं, हें खरें. उलट पूरच आला आहे. अध्यापकाच्या बढतीसाठीं छापील निबंधांचे गुण मोजण्याची पद्धति विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१० च्या नियमांनीं दृढ केली, आणि पैसे घेऊन वाटेल तें छापणारीं नियतकालिकें उदंड झालीं. २०१८ सालीं आयोगानेंच आपल्या मान्य यादींतून ४३०५ नांवें एकदम काढून टाकलीं. पुढें केलेली नवी यादीहि २०२५ सालीं गुंडाळली. या पुरांत धाराशिवसारख्या जिल्ह्यांतील अध्यापक सर्वांत अधिक सांपडतो. त्याला प्रयोगशाळा थोडी, ग्रंथालय तोकडें, आणि निबंध मात्र हवाच. मग तो लिहितो. पण कोणी वाचावें म्हणून नव्हे, तर कोणी मोजावें म्हणून. ज्या निबंधाला वाचकच अपेक्षित नाहीं, तो इंग्रजींत असला काय आणि मराठींत असला काय, सारखाच मुका.

म्हणून आमची मागणी मोठी नाहीं. मराठवाड्यांतील मानसशास्त्राच्या अध्यापकांनीं मिळून एक त्रैमासिक चालवावें. पानें थोडीं असावींत, पण प्रत्येक निबंध निदान दोन जाणत्यांनीं तपासलेला असावा. ज्याची सामग्री मराठी माणसांना विचारून मिळविली, त्या निबंधांत त्यांचीं उत्तरें त्यांच्याच शब्दांत छापावींत, आणि निष्कर्ष त्यांना समजेल असे लिहावेत. इंग्रजींत जगापुढें जाण्यास कोणी आडकाठी करीत नाहीं, तेथें जावेंच. पण गांवच्या शिक्षकानें, वैद्यानें, आरोग्यसेविकेनें उलट पत्र लिहून चूक दाखविण्याची सोय प्रथम येथें हवी. सास्तूरच्या पहाटेचा धसका ज्यांनीं घेतला, त्यांपैकीं पुष्कळजण अद्याप हयात आहेत. त्यांना त्यांच्या भाषेंत विचारण्याची आणि त्याच भाषेंत उत्तर देण्याची संधि कांहीं कायमची राहणार नाहीं.