दंडात्मक नुकसानभरपाई : उपहार निकालातील हिशेब

दंडात्मक नुकसानभरपाई या संज्ञेतच तिची अडचण दडलेली आहे. भरपाई हानीइतकी असते. ही रक्कम मात्र हानीचे मोजमाप संपल्यानंतर सुरू होते. वादीचे काय गेले, यापेक्षा प्रतिवादी कसा वागला, हे तिचे परिमाण होय. दिवाणी न्यायालयाने शिक्षा करावी काय, हा आक्षेप जुनाच. १९६४ साली ‘रुक्स विरुद्ध बर्नार्ड’ खटल्यात लॉर्ड डेव्हलिन यांनी तो अंशतः मान्य करून तिचे क्षेत्र मर्यादित केले : शासकीय सेवकांचे जुलमी वर्तन, भरपाई देऊनही नफा उरेल अशा हिशेबाने केलेले अपकृत्य आणि कायद्यानेच मुभा दिलेली प्रकरणे.

यांतील दुसऱ्या वर्गाची कसोटी आपल्याकडे दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाच्या प्रकरणात लागली. १३ जून १९९७ रोजी तेथे आग लागून ५९ प्रेक्षक मृत्युमुखी पडले. बाल्कनीत वाढविलेल्या आसनांनी बाहेर पडण्याची वाट अडविली होती. दिल्ली उच्च न्यायालयाने २००३ साली मृतांच्या वारसांना द्यावयाच्या भरपाईखेरीज परवानाधारकावर अडीच कोटी रुपयांची दंडात्मक रक्कम बसविली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली ती २५ लाखांवर आणली.

दोन्ही न्यायालयांनी आधार घेतला तो अतिरिक्त आसनांच्या उत्पन्नाचा. परवानगी असलेली आसने हिशेबातून वगळणे योग्यच होते. गणिताविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती गणित येथेच थांबविण्याविषयी. गैरमार्गाने मिळालेला नफा तेवढा काढून घेतला, तर अपराधी केवळ पूर्वस्थितीला येतो. त्याला शिक्षा झाली असे म्हणता येत नाही. नफा ही अशा रकमेची किमान मर्यादा ठरावी. येथे तीच कमाल मर्यादा झाली. शिवाय त्या आसनांचे मोल तिकिटाच्या दरात मोजले गेले, अडलेल्या वाटेत नव्हे.

याच न्यायालयाने ओलियम वायुगळतीच्या प्रकरणात १९८६ साली वेगळी दिशा दाखविली होती. धोकादायक उद्योगाने द्यावयाची भरपाई त्याच्या आकारमानाशी व आर्थिक कुवतीशी निगडित असावी, म्हणजे तिचा धाक राहील, असे ते तत्त्व. चित्रपटगृह हा त्या अर्थाने धोकादायक उद्योग नव्हे, हे मान्य करता येईल. पण धाकाचा हेतू दंडात्मक रकमेला तर मूळचाच आहे. डेव्हलिन यांनीही पक्षकारांची सांपत्तिक स्थिती विचारात घेण्यास सांगितले होते. २५ लाखांच्या हिशेबात तिला स्थान मिळाले नाही.