नाइटिंगेलबाईंचा तक्ता आणि आपला ‘प्री-पोस्ट’

१२ मे जवळ आला की नर्सिंग कॉलेजच्या भिंतीवर हातात दिवा घेतलेल्या नाइटिंगेलबाई आणि शेजारी तो पाकळ्यांचा रंगीत तक्ता लागतो. खाली ओळ ठरलेली: बाईंनी मृत्युदर ४२ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणला. पीएचडीच्या पहिल्या वर्षी एपिडेमिऑलॉजीच्या सेमिनारला मी हाच तक्ता घेतला. सोपा विषय, दोन दिवसांत उरकेल, असा हिशोब होता. मूळ आकडे समोर घेऊन बसले आणि हिशोब फिसकटला.

तक्ता १८५८ चा. क्रिमियन युद्धात पूर्वेकडे गेलेल्या ब्रिटिश सैन्यातले मृत्यू त्यात महिन्यागणिक मांडलेत. एक वर्तुळ एप्रिल १८५४ ते मार्च १८५५ चं, दुसरं त्यापुढच्या वर्षाचं. निळा रंग टाळता येण्याजोग्या रोगांचा, लाल जखमांचा, काळा इतर कारणांचा. निळ्यापुढे लाल अगदीच किरकोळ दिसतो.

आता जानेवारी १८५५ बघा. रोगांनी झालेल्या मृत्यूंचा दर हजारी १०२२.८. हजारात हजाराहून जास्त माणसं मेली कशी? मी आधी छपाईची चूक समजले. तसं नाहीये. त्या महिन्यात रोगांनी २,७६१ जण गेले आणि सैन्याची सरासरी संख्या ३२,३९३ होती. बाईंनी महिन्याचा दर बाराने गुणून वार्षिक केलाय. म्हणजे याच वेगाने वर्ष गेलं असतं, तर नवी भरती केल्याशिवाय सैन्यच उरलं नसतं. पोस्टरवरचे ४२ टक्के मात्र या तक्त्यातले नाहीतच. ते स्कुटारीच्या लष्करी इस्पितळातले, फेब्रुवारी १८५५ चे, आणि त्यांच्या छेदात सैन्य नाही, उपचार घेतलेले रुग्ण आहेत. हलके आजारी जास्त भरती झाले तरी असली टक्केवारी आपोआप उतरते. छेद कोणता हे न विचारता आकडा पुढे ढकलायचा, हे आपण पोस्टरवर करतो आणि मग थिसिसमध्येही करतो.

पण खरी मेख पुढे आहे. बाई ३८ परिचारिका घेऊन स्कुटारीला पोचल्या नोव्हेंबर १८५४ मध्ये. रोगमृत्यूंचा हाच दर ऑक्टोबरमध्ये १९७, नोव्हेंबरमध्ये ३४०.६, डिसेंबरमध्ये ६३१.५ आणि जानेवारीत हजारापार! आपल्या सिनॉप्सिसच्या भाषेत ‘इंटरव्हेन्शन’ म्हणजे परिचारिका येणं असं धरलं, तर प्री-पोस्ट तुलनेतून निष्कर्ष एकच निघेल: परिचारिकांमुळे मृत्यू पाचपट झाले. हा निष्कर्ष आपण हसून सोडून देतो. मग तीच पद्धत मनाजोगतं उत्तर देते तेव्हा हसू का येत नाही?

इतिहासकार श्रेय देतात ते मार्च १८५५ मध्ये आलेल्या सॅनिटरी कमिशनला. गटारं साफ झाली, हवा खेळती झाली, भिंतींना चुना लागला. याने फरक पडलाच असणार. पण दर फेब्रुवारीतच ८२२.८ वर आला होता. हिवाळा सरत होता, आणि बालाक्लावाहून सामान वर नेण्यासाठी रेल्वेचं काम सुरू झालं होतं. वर्तुळांची फाळणी मार्च आणि एप्रिलच्या मधे केली की सगळी उतरण कमिशनच्याच खात्यावर जमा झाल्यासारखी दिसते.

तरी तक्ता टाकाऊ नाही. बारा महिन्यांची दोन वर्तुळं असल्यामुळे जानेवारीशेजारी जानेवारी ठेवता येतो: १०२२.८ च्या समोर ११.४. निदान ऋतूचा आक्षेप तिथे गळून पडतो. रसदीचा उरतोच.

माझं मत विचाराल तर बाईंचं उत्तम काम पाकळ्यांत नाहीच, त्याच काळातल्या साध्या आडव्या पट्ट्यांच्या तक्त्यात आहे. तो कुणी भिंतीवर लावत नाही. त्यात युद्ध नाही. इंग्लंडमध्ये बराकीत राहणारे सैनिक आणि त्याच वयाचे नागरिक पुरुष, वयोगटानुसार शेजारी शेजारी. २० ते २५ वर्षं: नागरिक हजारी ८.४, सैनिक १७. शिवाय सैनिक तपासून, धडधाकट बघून घेतलेले, म्हणजे त्यांचा दर उलट कमीच असायला हवा होता. आज आपण याला ‘हेल्दी वर्कर इफेक्ट’ म्हणतो. वय सारखं ठेवलं, तुलनेला गट घेतला, आणि निवडीतला पक्षपात बाईंच्या मुद्द्याच्या उलट दिशेने ढकलत असूनही फरक दुप्पट! त्यामागे विल्यम फारसारखा आकडेतज्ज्ञ होता, हे खरं. पण प्रश्न बाईंचा होता.

हे सगळं लिहायला मी कोण? माझं मास्टर्सचं काम असंच होतं. एका आयसीयूत सिस्टर्सना दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलण्याचं ट्रेनिंग दिलं, आधीचे दोन महिने आणि नंतरचे दोन महिने बेडसोअर मोजले, पी व्हॅल्यू झकास आली, वायवाला कौतुकही झालं. ट्रेनिंगच्याच महिन्यात नव्या एअर मॅट्रेस आल्या होत्या, ही गोष्ट प्रबंधात एका ओळीत आहे, तीही ‘मर्यादा’ या मथळ्याखाली. त्याच मॅट्रेस शेजारच्या वॉर्डलाही मिळाल्या होत्या, तिथे ट्रेनिंग झालं नव्हतं, आणि तिथलं रजिस्टर मी उघडून पाहिलंच नाही. गेल्या महिन्यात ते बघण्याची परवानगी मागितलीय. अजून उत्तर आलेलं नाही.