‘का पितोस?’ या प्रश्नाची तपासणी

एका वसतिगृहात कविसंमेलनानंतर रात्री मुलांबरोबर बसलो होतो. एकाच्या तोंडाला वास येत होता. मी विचारले, “का पितोस रे?” तो म्हणाला, “सर, मी ‘गोलपिठा’ वाचलाय.” सगळे हसले. मीही हसलो. ते हसणे मला पुढे फार बोचले, कारण त्या उत्तरात आपल्या समीक्षेचाही वाटा होता.

तरुण का पितात, याचा मानसशास्त्राने नीट शोध घेतला आहे. अमेरिकेतील लिन कूपर यांनी किशोरवयीन मुलांच्या अभ्यासातून 1994 साली चार प्रेरणा मांडल्या : मजा वाढावी म्हणून, चारचौघांत रंग भरावा म्हणून, मनावरचा ताण बुजवावा म्हणून आणि गटाने बाहेर टाकू नये म्हणून. 1998 साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लैंगिक वर्तनाच्या प्रेरणाही अशाच तपासल्या. जवळीक, सुख, दुःखावर उतारा, स्वतःची किंमत स्वतःला पटवणे, जोडीदाराची मर्जी आणि मित्रांची वाहवा. दुःख दडपण्यासाठी पिणाऱ्याचे हाल नुसत्या दारूच्या प्रमाणावरून समजत नाहीत, हे त्यांचे निरीक्षण महत्त्वाचे आहे. ‘हे सगळे भांडवली थोतांड’ असे म्हणून मोकळे होणारे कार्यकर्ते आपल्यात आहेत. त्यांनी वस्तीतल्या एका तरी पोराशी तासभर बोलावे.

पण या प्रश्नावलीची एक मर्यादा आहे. पेला हातात आल्यावर ती सुरू होते. तो हातात कोणी दिला, हे ती विचारत नाही. भूमिगत गटारात उतरणारे कामगार सांगतात की, प्यायल्याशिवाय आत उतरवत नाही. ही दारू कुठल्या रकान्यात घालणार? ‘ताण विसरण्यासाठी’? तिथे दारू हे कामाचे हत्यार असते. मालक फावडे देतो, हे हत्यार मात्र कामगाराने स्वतःच्या पगारातून विकत आणायचे. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवण्यावर 2013 च्या कायद्याने बंदी आणली, तरी माणसे उतरतात आणि मरतात. महाराष्ट्रात लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. घराला तिचा आधार आहे, हे मी नाकारत नाही. पण बापाच्या जागेबरोबर त्या जागेवरची सवयही पोराकडे येते. विशी-बाविशीच्या त्या पोराची ‘प्रेरणा’ त्याच्या जन्माआधीच ठरलेली असते.

आपली आत्मकथने इथे मानसशास्त्राच्या पुढे जातात. दया पवारांच्या ‘बलुतं’मधला (1978) बाप गोदीत राबतो आणि पितो. कावाखान्याच्या त्या जगात दारूला शोधत जावे लागत नाही, तीच माणसाला शोधत येते. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (1984) तर घरातच दारू विकली जाते. ज्या दारूने माणसे मोडतात, तिच्याच पैशावर मुलाचे पोट भरते. हे गुंतागुंतीचे सत्य कुठल्याही रकान्यात बसत नाही. लेखकाने त्यावर नीतीचा मुलामा दिला नाही, हा त्याचा प्रामाणिकपणा.

आणि समीक्षेने काय केले? 1972 साली ‘गोलपिठा’ आला. विजय तेंडुलकरांनी नामदेव ढसाळांबरोबर ती वस्ती पायाखाली घातली आणि प्रस्तावना लिहिली. मध्यमवर्गीय वाचक हादरला. हादरायलाच हवा होता. पण पुढच्या समीक्षकांनी कवितेतले जळते वास्तव आणि कवीची जगण्याची रीत यांची गल्लत केली. कवितेतला नकार व्यवस्थेला होता. आपण तो गुत्त्यावर नेऊन बसवला. ज्याच्या हातात बाटली, त्याची जाणीव अस्सल, अशी एक विचित्र कसोटी कुजबुजीने रूढ झाली. ती छापून कोणी आणली नाही, म्हणून तिचा प्रतिवादही झाला नाही. वसतिगृहातल्या मुलापर्यंत ती बरोबर पोहोचली.

दुसरीकडे सवर्ण पोराचे पिणे ‘पार्टी’ ठरते आणि आमच्या पोराचे ‘व्यसन’. याची चीड योग्यच आहे. पण त्या चिडीपोटी जयंतीच्या मिरवणुकीत डीजेपुढे झिंगून नाचणाऱ्याला पाठीशी घालणे योग्य नाही. 1956 च्या नागपूरच्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची आणि व्यभिचार न करण्याची अशा दोन्ही प्रतिज्ञा आहेत. मिरवणुकीतला पोर चैनीसाठीच पितो असे नाही. न प्यायल्यास मंडळ त्याला आपला मानणार नाही, ही धास्ती मोठी असते. कूपर यांची चौथी प्रेरणा ती हीच.

लैंगिक बाबतीत तर आपले मौन अधिकच लाजिरवाणे आहे. ज्याला दिवसभर ‘अरे-तुरे’ ऐकावे लागते, तो रात्री प्यायल्यावर आपली किंमत एका बाईच्या शरीरावर वसूल करतो. आपल्या पुरुषी लेखनात हे प्रसंग येतात, पण बहुतेक वेळा त्याच्या बाजूने. ती काय म्हणते? कामाठीपुऱ्यातल्या बाईला कुठली प्रेरणा विचारणार? तिच्यापुढे दर असतो आणि देणे असते. झिंगलेल्या गिऱ्हाइकाला निरोध वापर म्हणून सांगितले, तर मार किंवा बुडालेले पैसे. कॉलेजातल्या मुलीचा नाइलाज वेगळा असतो. तो सोडून जाईल म्हणून ती गप्प राहते, आणि आपण त्याला संमती म्हणतो. रोग, गर्भ, बदनामी असा सगळा धोका तिच्या वाट्याला येतो. आणि धीटपणाचे कौतुक मात्र त्याच्या! या बाजूने आपल्या किती कथा-कवितांची फेरतपासणी झाली? मी स्वतः अनेक वर्षे केली नाही.

त्या मुलाला काही महिन्यांनी पुन्हा भेटलो. या वेळी मी हसलो नाही आणि त्यानेही ‘गोलपिठ्या’चे नाव काढले नाही. वडील गेले होते. “त्यांच्या जागेवर अर्ज भरलाय सर,” तो म्हणाला. “मुकादम म्हणतो, पहिल्या दिवशी थोडी घेऊनच ये.”