गणेशच्या नावाने: ‘फ्री बेसिक्स’चा युक्तिवाद पुन्हा वाचताना

मंडळी, आज एकच लेख वाचायला घेऊ. डिसेंबर २०१५मध्ये मार्क झुकरबर्ग यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त लिहिलेला. विषय होता ‘फ्री बेसिक्स’: रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या ग्राहकांना ठरावीक संकेतस्थळं डेटाचे पैसे न मोजता बघता येतील, अशी योजना. त्याच वेळी ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, लोकांना विचारत होतं, की संकेतस्थळागणिक वेगळे दर लावू द्यायचे का?

लेखाचा नायक आहे महाराष्ट्रातला शेतकरी, गणेश. तो हवामान बघतो, बाजारभाव बघतो, नव्या पिकात पैसे घालतो. यात इंटरनेटचं काय बिघडलं, असं लेखक विचारतात. प्रश्न बिनतोड वाटतो. आम्हाला मात्र तो अर्धाच वाटतो.

कारण लेखातला गणेश फक्त बघतो. उद्या त्याने चार गावच्या शेतकऱ्यांना घेऊन कांद्याच्या भावाचं स्वतःचं संकेतस्थळ काढलं तर? फ्री बेसिक्समध्ये यायचं तर फेसबुकच्या तांत्रिक अटी पाळायच्या. अटी ठरवणार कंपनी, बदलणार कंपनी. त्यात न बसणारं संकेतस्थळ बघायला पैसे पडणार. आणि ज्याच्याकडे रिचार्जपुरतेही पैसे नाहीत, त्याची निवड मग आधीच झालेली असते.

लेखात वाचनालयाची उपमा आहे: तिथे सगळी पुस्तकं नसतात, तरी लोकांचं भलं होतंच. उपमा चांगली, पण लंगडी. आपल्या गावच्या वाचनालयाला कार्यकारिणी असते, वार्षिक सभेत उठून भांडता येतं. इथे गणेशने भांडायचं कुणाशी?

८ फेब्रुवारी २०१६ला ट्रायने मजकुरानुसार वेगळे दर लावायला बंदी केली. मोडल्यास दिवसाला ५० हजार, जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड. निर्णय योग्यच होता.

पण आता विरोधकांच्या बाजूकडेही बघू, आम्हीही त्याच बाजूचे. बंदीमुळे रस्ता सगळ्यांना सारखा राहिला. त्या रस्त्यावर यायचं भाडं गणेशचं त्यालाच भरावं लागलं. डिसेंबर २०१६मध्ये ट्रायनेच शिफारस केली, की ग्रामीण ग्राहकांना महिन्याला १०० एमबी डेटा मोफत द्यावा, खर्च सार्वत्रिक सेवा निधीतून करावा. म्हणजे फुकटही आणि कुठलंही संकेतस्थळ बघायची मोकळीकही. झुकरबर्गना द्यायचं खरं उत्तर हेच होतं.

२०१५च्या मोहिमेत ट्रायकडे दहा लाखांहून जास्त ईमेल गेले होते. या १०० एमबीसाठी तसा पूर आल्याचं आम्हाला आठवत नाही. डेटा पुढे स्वस्त झाला तो जिओ आल्यावर, कंपन्यांच्या दरयुद्धातून. हक्क म्हणून नव्हे. दर पुन्हा चढले तर गणेशने काय करायचं? प्रश्नोत्तरांना आपण इथूनच सुरुवात करू.